छायाचित्र आणि संयम : घडीच्या कॅमेऱ्याच्या निमित्ताने

साधनाच्या मर्यादेमुळे माणसाला जे करताच येत नाही, ते न करणे हा त्याचा सद्गुण मानता येईल काय, हा नीतिविचारातील एक जुना प्रश्न आहे. उपास घडणे आणि उपास करणे यांतील भेद मराठी माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. घरात दाणा नाही म्हणून उपाशी राहिलेला आणि एकादशी धरलेला, या दोघांच्याही पोटात अन्न नसते; परंतु दुसऱ्याच्या उपवासाला व्रताचे मूल्य असते, कारण त्याच्यापुढे ताट होते आणि त्याने ते दूर सारले. छायाचित्रणाच्या क्षेत्रात हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत वेगळ्या रूपाने पुढे आला आहे. खिशातल्या फोनवर दिवसाला शेकडो चित्रे विनासायास टिपता येत असताना काही माणसे जुने फिल्मचे कॅमेरे पुन्हा हाती घेत आहेत, आणि त्यांपैकी अनेकजण या परतण्याचे समर्थन नीतीच्या भाषेत करतात. मोजक्याच चौकटी असल्याने माणूस थांबतो, नीट पाहतो, समोरच्याचा आदर करू लागतो, असा त्यांचा दावा असतो. त्यात तथ्य आहे. पण ते कितपत आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या तपासणीसाठी घडीचा कॅमेरा हे चांगले उदाहरण आहे. मिटलेला असताना तो एखाद्या जाड रोजनिशीएवढा दिसतो. कळ दाबली की पुढचे झाकण उघडते, भाता ताणला जातो आणि लेन्स बाहेर येऊन आपल्या जागी स्थिर होते. भाता हा शब्द लोहारशाळेतून आणि पेटीवाद्यातून मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. येथे मात्र तो वारा कोंडून धरीत नाही, अंधार कोंडून धरतो. झाइस आयकॉन कंपनीचा १९२९ साली आलेला 'इकॉन्टा', फोक्टलेंडरचा 'बेसा', आग्फाचा 'आयसोलेट' ही या घराण्यातील प्रसिद्ध नावे. कोडॅकने १९०१ साली बाजारात आणलेली १२० क्रमांकाची रोल फिल्म त्यांत चालते, आणि ती आजही तयार होते. चौकट सहा बाय नऊ सेंटिमीटरची असेल तर एका रोलवर आठ चित्रे येतात. सहा बाय सहाची असेल तर बारा. जुन्या नमुन्यांत प्रकाश मोजण्याची सोय बहुधा नसते. अंतर डोळ्यांनी अजमावून फुटांच्या आकड्यावर लेन्स फिरवावी लागते. पाठीमागच्या लहानशा तांबड्या खिडकीतून कागदावरचा क्रमांक पाहत फिल्म पुढे सरकवायची, शटर वेगळे ताणायचे, मग कळ दाबायची. फिल्म सरकवायचे विसरले, तर पहिल्या माणसाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या माणसाची आकृती उमटते आणि दोघेही गमावले जातात. झालेली चूक तेव्हा कळत नाही. रोल धुतल्यावरच कळते. या यंत्रात प्रत्येक क्रिया सुटी आहे आणि तिची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे.

असा कॅमेरा घेऊन रायपुरात एखादा मराठी छायाचित्रकार बाहेर पडला आहे, असे क्षणभर मानू. स्थळाची ही निवड सहेतुक आहे. अठराव्या शतकात भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, तेव्हापासून मराठी माणूस येथे वस्ती करून आहे. तात्यापारा या मोहल्ल्याचे नाव मराठी कानाला आजही आपले वाटते. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषक होते, आणि 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेण्याचे कार्यही त्यांनीच केले. घरात मराठी, बाजारात हिंदी अथवा छत्तीसगढी, असे दुहेरी जीवन जगणारा हा माणूस गोल बाजारात किंवा बूढा तालाबाच्या काठी उभा राहतो, तेव्हा तो पर्यटक नसतो. समोरच्या भाजीवालीला तो रोज पाहत असतो. तरीही तिच्या घरातला तो नव्हे. जवळीक आणि परकेपणा यांच्या मधल्या या जागेवरच चित्र घेण्याचा नैतिक प्रश्न सर्वांत तीव्र होतो. पर्यटकाला निघून जाता येते आणि घरच्या माणसाला परवानगी गृहीत धरता येते. शेजाऱ्याला या दोन्ही सवलती नसतात.

आठच चौकटी हाती असल्याने हा छायाचित्रकार सावकाश वागेल हे खरे. भात्याचा कॅमेरा लपवून वापरता येत नाही. तो उघडताना, अंतर जुळवताना समोरच्याला कळते की काही तरी घडते आहे, आणि त्याला नको म्हणायला अवधी मिळतो. वाल्टर बेन्यामिनने १९३१ सालच्या आपल्या निबंधात आरंभीच्या छायाचित्रांविषयी असे निरीक्षण नोंदवले आहे की, दीर्घ एक्स्पोजरमुळे बसणारा माणूस जणू त्या चित्रात वाढत जाई. संथपणाने चित्राला खोली येते, हे येथवर मान्य करावे लागते.

परंतु इतिहास या समर्थनाला एवढ्यावर थांबू देत नाही. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांचा जो चित्रसंग्रह ब्रिटिश सरकारने काढला, त्यातील चित्रे काचेच्या पट्ट्यांवर, मोठ्या कष्टाने आणि अत्यंत संथपणे घेतलेली होती. चौकटींची टंचाई हे नीतीचे कारण असते, तर तो संग्रह आदराचा नमुना ठरला असता. प्रत्यक्षात त्यात माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. एकच पट्टी हाती असलेला माणूस तिच्यावर काय नोंदवतो हे त्याच्या दृष्टीवर अवलंबून राहिले. टंचाईने ती दृष्टी बदलली नाही. दाणा नसलेल्या घरातला उपास व्रत होत नाही, तसेच हे. साधनाची मर्यादा संयमाला संधी देते, संयम देत नाही.

मग तो येतो कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी कृष्णधवल फिल्मच्या तांत्रिक स्वभावाकडे वळले पाहिजे, कारण येथे तंत्र आणि नीती यांची गाठ पडलेली आहे. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला जवळपास आंधळी होती. तिच्यावर कुंकू काळे उमटे, पळसाचे फूल काळे उमटे, आणि ज्या वर्णात तांबूस छटा अधिक तो सावळा चेहरा असेल त्याहून काळवंडलेला दिसे. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकाच्या आरंभी आली आणि पुढे हळूहळू रुळली. ज्याला यंत्राचा निःपक्षपाती पुरावा समजले गेले, त्यात रसायनाचा असा पक्षपात होता. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळण्याची रीत पडली तीही याच्या उलट बाजूने. तिने माणसाला त्याच्या वर्णाची लाज शिकवली.

फिल्म सुधारली तरी निर्णय उरतोच. रायपूरच्या वैशाखातील दुपार घ्यावी. रोजंदारीच्या आशेने सकाळपासून चौकात उभा असलेला मजूर. अंगात पांढरी बंडी, डोक्याला गमछा, आणि त्या गमछ्याच्या सावलीत बुडालेला काळासावळा चेहरा. छायाचित्रकार शंभर एएसएच्या फिल्मला पाठ केलेला नियम लावतो: भर उन्हात छिद्र सोळा आणि सेकंदाचा शंभरावा भाग. या मापाने बंडीचा सूत न् सूत उमटेल; चेहरा मात्र निगेटिव्हवर जवळपास कोरा राहील आणि प्रिंटवर तो काळा ठिपका होईल. निगेटिव्ह फिल्मचा धर्म असा की, सावलीत जे नोंदले गेले नाही ते पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. उजेडाच्या अतिरेकाला मात्र डेव्हलपरमध्ये कमी वेळ ठेवून आवर घालता येतो. म्हणून सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवावे आणि उजेडाकडे पाहून फिल्म धुवावी, अशी जाणत्यांची शिकवण आहे. हा नियम अंधाऱ्या खोलीतला असला, तरी त्याचा आशय त्या खोलीपुरता नाही. कोणाला वाचवायचे, कपड्याला की चेहऱ्याला, हे कळ दाबण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि चेहरा निवडला तर शटर अधिक वेळ उघडे ठेवणे, प्रसंगी जवळ जाणे, त्या माणसाला सावलीत बोलावणे, म्हणजे त्याच्याशी बोलणे, हे सारे ओघाने येते. आदर ही येथे केवळ मनाची अवस्था राहत नाही. तिला माप असते, आणि ते चुकले की चित्रात दिसते.

मराठी समीक्षेत कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित वाद पुष्कळ काळ गाजला. छायाचित्राच्या संदर्भात त्या वादाची मांडणीच बदलते. कादंबरीकाराची पात्रे त्याच्या कल्पनेतून येतात, निदान तसा दावा त्याला करता येतो. छायाचित्रकाराची सामग्री म्हणजे दुसरा जिवंत माणूस. त्याची भूक, त्याचे थकलेले खांदे यांतून करड्या छटांची सुरेख रचना साधता येते, आणि ती जितकी सुरेख तितका भूक विसरली जाण्याचा धोका मोठा. रंग गेले की घाण, धूर, स्वस्त प्लास्टिक हे सारे एका भारदस्त छायेत विलीन होते. कृष्णधवल चित्राला सहज लाभणारे हे गांभीर्य छायाचित्रकाराने कमावलेले नसते. ते फिल्मने दिलेले असते. सूझन सॉन्टॅगने १९७७ सालच्या आपल्या पुस्तकात कॅमेऱ्याच्या शिकारी वृत्तीवर बोट ठेवले. मराठीत आपण फोटो 'काढतो'. काढणे या क्रियापदात रेखाटण्याचा अर्थ आहे, तसा आतले बाहेर ओढून घेण्याचाही आहे. भाषेने दोन्ही शक्यता एका शब्दात राखून ठेवल्या आहेत.

रायपूरहून दक्षिणेकडे जाणारी वाट बस्तरला पोहोचते, आणि या दोन शक्यता तेथील छायाचित्रांच्या इतिहासात समोरासमोर भेटतात. व्हेरिअर एल्विन यांचा मुरिया समाजावरील ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे विपुल आहेत. आदिवासींविषयीची एल्विन यांची आस्था निर्विवाद होती. तरीही घोटुलातील ज्या तरुण-तरुणींची चित्रे जगभरच्या वाचकांनी न्याहाळली, त्यांना त्या इंग्रजी पुस्तकात स्वतःविषयी काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील ही विषमता चांगल्या हेतूने मिटत नाही. नावाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. कोडॅकने १९१४ पासून काही वर्षे 'ऑटोग्राफिक' नावाचे घडीचे कॅमेरे काढले होते. त्यांच्या पाठीला एक चिमुकले दार असे; ते उघडून धातूच्या टोकाने फिल्मच्या कडेवर तारीख, स्थळ, नाव लिहिता येई, आणि ते अक्षर निगेटिव्हबरोबरच कायम होई. नाव लिहिण्याची जागा यंत्राने देऊ केली होती. मानवशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रांखाली मात्र 'एक मुरिया मुलगी', 'माडिया पुरुष' असेच शब्द पुष्कळदा येत राहिले.

सुनील जाना यांचे उदाहरण या विचाराला दुसरी बाजू देते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पी. सी. जोशी यांच्याबरोबर फिरून त्यांनी भुकेने मरणाऱ्या माणसांची चित्रे घेतली. ती कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर'मध्ये छापली गेली आणि सत्ताधाऱ्यांना जे झाकायचे होते ते देशापुढे आले. पुढे एल्विन यांच्याबरोबर त्यांनी आदिवासी मुलखातही चित्रे घेतली. दुष्काळात हात आवरणे हा सद्गुण ठरला असता काय? तेथे चित्र न घेणे म्हणजे मरणाऱ्याला दुसऱ्यांदा एकटे टाकणे होते. तेव्हा संयमाचा अर्थ कमी चित्रे असा घेता येत नाही. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने काव्याचे जीवित म्हणून जे औचित्य सांगितले, त्याच्या जवळ जाणारे हे तत्त्व आहे: कोणापुढे, कोणत्या वेळी, कशासाठी. हा विवेक चौकटींच्या संख्येवरून ठरत नाही.

साधनाची मर्यादा आणि स्वीकारलेले व्रत यांचा संयोग प्रत्यक्षात पाहायचा असेल, तर रायपूरवरून जाणाऱ्या मुंबई–हावडा लोहमार्गाने पश्चिमेकडे, नागपूर ओलांडून वर्ध्याला यावे लागते. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी हरिजन यात्रेला आरंभ केला तो वर्ध्याकडूनच, आणि त्याच महिन्यात ते रायपुरात होते. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांचा पुतण्याचा मुलगा कनू गांधी छायाचित्रणाकडे वळला. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. हा कॅमेरा घडीचा नव्हे. पण मध्यम आकाराच्या रोल फिल्मवर बाराच चौकटी देणारा, म्हणून त्याच कुळातला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, चित्रासाठी थांबायला अथवा बसायला सांगायचे नाही, आणि आश्रमाकडून खर्च मिळणार नाही.

या अटींचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या अटीने समोरच्या माणसाच्या डोळ्यांचे रक्षण झाले, दुसरीने त्याच्या वेळेचे आणि स्वाभाविकतेचे, तिसरीने समाजाच्या पैशाचे. छायाचित्राच्या कलेविषयी तिन्हींत एक शब्दही नाही. तरीही कनू गांधींच्या चित्रांना जी शांत, अंधुक उजेडाची शैली लाभली, ती या अटींतूनच घडली. फ्लॅश नाही म्हणून खिडकीचा प्रकाश. सूचना नाही म्हणून पाठमोरे, चालणारे, लिहिण्यात गढलेले गांधी. पैसा नाही म्हणून प्रत्येक चौकट जपून. नीतीचे बंधन शैलीत उतरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित आढळते. १९४६ साली 'लाइफ'ची मार्गरेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चित्र घ्यायला आली, तेव्हा तिला आधी सूत कातायला शिकावे लागले आणि तीनच फ्लॅशबल्बांची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले आणि तिसरा साधला, असे तिनेच सांगितले आहे. एका पाहुणीला प्रसंगापुरते घातलेले बंधन कनू गांधींनी वर्षानुवर्षे पाळले.

पण त्यांच्या संयमाची खरी कसोटी घेतलेल्या चित्रांत दिसत नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे अखेरचे क्षण चालू होते. त्या क्षणांचे चित्र घेण्यास गांधीजींनी कनूला नकार दिला, आणि ते चित्र घेतले गेले नाही. कॅमेरा होता, फिल्म होती, इतिहासाची मागणीही होती. ताट पुढे असताना हात मागे घेण्याचा हा प्रसंग होता. त्या न घेतलेल्या चित्राने इतिहासाचे काही नुकसान झाले असेल. मात्र एका मरणाऱ्या स्त्रीचा एकांत तिच्याजवळ राहिला. बंगालच्या दुष्काळात चित्र घेणे हे कर्तव्य होते, येथे न घेणे हे कर्तव्य होते. तेथे मरण झाकले जात होते आणि मरणाऱ्यांना साक्षीदार हवे होते; येथे साक्षीदार जवळ होते, आणखी एकाची गरज नव्हती.

या दृष्टीने पाहता जुन्या कॅमेऱ्याकडे परतणाऱ्यांचा दावा अर्धाच ग्राह्य ठरतो. आठ चौकटींचा रोल हा अभ्यासाचे साधन होऊ शकतो, जसा उपवास मनाच्या अभ्यासाचे साधन होतो. आज फोन खिशात असताना जो जाणूनबुजून घडीचा कॅमेरा उघडतो, त्याची मर्यादा नाइलाजाची नसते, निवडलेली असते. एवढ्यापुरता तो व्रतस्थाच्या जवळ आहे. परंतु ही निवड केवळ जुन्या वस्तूच्या हौसेपोटी, करड्या छटांच्या भारदस्तपणासाठी झाली असेल, तर ते व्रत फराळाच्या ताटासाठी धरलेल्या एकादशीसारखे होईल.

शिवाय फिल्मच्या बाजूला एक नैतिक उणीव आहे, ती मान्य केली पाहिजे. फोनवर घेतलेले चित्र समोरच्याला तत्क्षणी दाखवता येते. आवडले नाही तर पुसता येते. त्याच्याकडे फोन असेल तर तेथेच देता येते. फिल्मवर उमटलेली प्रतिमा धुईपर्यंत अदृश्य असते. चौकातल्या मजुराला छायाचित्रकार एवढेच म्हणू शकतो की, फोटो आणून देतो. कृष्णधवल छायाचित्रणाच्या इतिहासात हे वचन किती वेळा दिले गेले आणि किती वेळा मोडले गेले, याची नोंद कोणत्याही संग्रहालयात नाही. निगेटिव्ह छायाचित्रकाराकडे राहते, प्रदर्शन त्याचे होते, पुस्तकावर नाव त्याचे येते. ज्याच्या चेहऱ्यासाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवले, त्याच्या हाती काहीच पडत नाही.

म्हणून सावकाश चित्र घेण्याचे नीतिशास्त्र कळ दाबण्याच्या क्षणी पुरे होत नाही. रोल धुऊन, प्रिंट करून, पुन्हा त्याच चौकात जाऊन, तो माणूस त्या दिवशी भेटला नाही तर दुसऱ्या दिवशी जाऊन, त्याचे नाव विचारून ते प्रिंटच्या मागे लिहून ते त्याच्या हाती ठेवणे, हा त्याचा उत्तरार्ध आहे. फिल्मच्या विलंबाने जे ऋण निर्माण केले ते याच मार्गाने फिटते, आणि हा मार्ग यंत्राने सक्तीचा केलेला नाही. कॅमेऱ्यात आठ चौकटी आहेत म्हणून कोणी परत जात नाही. परत जाणारा आपल्या निर्णयाने जातो.